मी बोळिंजला बसते

डॉक्टरने विचारलं, "आजी, काम काय करता?"

मी म्हटलं, "बसते."

त्याने मान हलवली आणि पुढचं विचारलं, साखर आहे का, बीपी आहे का. घोटाळा तिथेच झाला होता. कळायला मात्र बरेच महिने गेले.

आमच्या निर्मळच्या वाडीवाल्या बायका माल घेऊन बाजारात जातात, त्याला आम्ही विकणं म्हणत नाही. अमकी वसईला बसते, तमकी सोपाऱ्याला बसते, असं म्हणतो. जिला जागा नाही, जी बिल्डिंगींमधून दारोदार जाते, ती फिरते. एक तर बाई बसते, नाहीतर फिरते. बसणारीचा मान थोडा जास्त, कारण तिची म्हणून एक जागा असते. मी बोळिंजला बसते.

एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या फाटकाशेजारी, भिंतीला लागून माझी जागा आहे. तिथे बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, लोक राहायला यायचे होते, तेव्हापासून मी बसते. पुढ्यात पाटी आणि पाटीत घरच्या वाडीतला माल. केळी, अळू, दुधी, कारली, विड्याची पानं, पूजेला लागतात ती केळीची पानं आणि सोनचाफा. चाफा सकाळी खुडायचा आणि पानात बांधून त्याच्या पुड्या करायच्या. वॉचमन बदलले, सोसायटीचे चेअरमन बदलले, मी तिथेच.

गाठही मला तिथेच सापडली. बसणारीचे पैसे ब्लाऊजमध्ये असतात, कापडाच्या पिशवीत. माझी पिशवी डाव्या बाजूला. ती खुपायला लागली. मला वाटलं, एखादं नाणं आडवं पडलंय. बरेच दिवस मी त्या नाण्यालाच शिव्या दिल्या. मग एकदा घरी पिशवी काढून ठेवली तरी खुपतच होतं.

पुढे मुंबईचं इस्पितळ. डावीकडचं सगळं काढलं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग किमो, मग लाईट, म्हणजे किरणांचे शेक. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उलट्या झाल्या, केस गेले, तोंडाची चव गेली. सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. बघायला येणाऱ्या बायकांना ते सगळं खोदून खोदून ऐकायचं असायचं आणि जाताना कुठला तरी रस प्यायला सांगून जायच्या. मला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं, मी जागेवर कधी जाणार.

जागा सुनेने धरून ठेवली होती. रस्त्यावरची जागा रिकामी दिसली की दुसऱ्या दिवशी तिथे नारळवाल्याची गाडी उभी राहते. सून वालीवला डब्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. माझं ऑपरेशन ठरलं तसं तिने ते काम सोडलं आणि माझ्या जागेवर बसायला लागली. घर बघितलं, मला बघितलं आणि जागाही बघितली. हे तिने केलं, ते मी नाकारत नाही.

लाईट संपल्या त्या दिवशी मुलगा माझ्याबरोबर होता. तो खाली औषधं घ्यायला गेला आणि मी डॉक्टरपुढे एकटी होते. तोच डॉक्टर, मुलाहून लहान वयाचा.

"डॉक्टर, आता बसू का मी?"

"बसा की, आजी. खुशाल बसा."

"रोज?"

तो हसला. "रोज बसा. पण एकाच जागी फार वेळ नको. मधूनमधून थोडं फिरत जा."

मला वाटलं, पोरगा आमच्याच बाजूचा असावा. बायकांचं काम जाणतो.

घरी जाताना मुलाने विचारलं, "काय म्हणाले?"

"बस म्हणाले. थोडं फीर पण म्हणाले."

"बरोबर आहे. मी तरी काय वेगळं सांगतोय?"

म्हणजे डॉक्टरचं, मुलाचं आणि माझं एकमत झालं. माझ्या घरात असं सहसा होत नाही. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी चाफा खुडला, पुड्या बांधल्या, पाटी भरली. पाटी डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. नवरा वाडीत पाणी सोडत होता, त्याला हाक मारली. तो आला, पाटी उचलून दिली आणि परत पाण्याकडे गेला. लग्नापासून हे असंच चालत आलंय, त्यामुळे त्याने काही विचारलं नाही. सून उठायच्या आधी मी नाक्यावर जाऊन रिक्षात बसले होते.

ती जागेवर आली तेव्हा माझी दोन-तीन गिऱ्हाईकं होऊन गेली होती.

"आई, तुम्ही इथे काय करताय?"

"बसलेय."

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?"

"बसा म्हणून सांगितलंय. विचार तुझ्या नवऱ्याला."

तिने तिथूनच फोन लावला. पलीकडून मुलगा म्हणाला, हो, बसायलाच सांगितलंय, थोडं फिरायलाही सांगितलंय. सुनेने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी तिला घरी पाठवलं. ऊन वर आल्यावर उरलेला माल पिशव्यांत भरून मी तीन बिल्डिंगी फिरले. मी एरवी फिरत नाही. डॉक्टरने सांगितलं म्हणून फिरले.

संध्याकाळी डावा हात दुधीएवढा झाला. बोटं मिटेनात. बांगड्या मनगटात रुतल्या. सुनेने साबण लावला, तेल लावलं, पण त्या सरकेनात. शेवटी बत्त्याने एकेक फोडली.

मी शेजारणीला सांगत होते, बांगड्या फोडल्या म्हणून, तर सून आतून म्हणाली, "आई, वाढवल्या म्हणा. बाबा आहेत अजून."

"बाबांनीच पाटी डोक्यावर दिली," मी म्हटलं.

परत इस्पितळ. या वेळी सून बरोबर आली, मला एकटी सोडायची नाही असं ठरवूनच. डॉक्टरने हात दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, हे कशाने झालं?"

"बसल्याने."

"बसल्याने हात सुजत नाही."

"तुम्हीच बसा म्हणालात."

"हो, मग?"

"मग मी बसले. आणि फिरलेही. तीन बिल्डिंगी."

"बिल्डिंगी कशाला? घरातल्या घरात फिरायचं ना."

"घरात कोण घेणार माल?"

आमचं असं बराच वेळ चाललं. शेवटी सुनेने त्याला समजावून सांगितलं, आमच्याकडे बसणं म्हणजे काय आणि फिरणं म्हणजे काय. तो हसला, मग पलीकडच्या टेबलावरच्या डॉक्टरणीला हाक मारून हे सगळं सांगितलं. तीही हसली. सूनही हसली. हात माझा सुजला होता, त्यामुळे मला हसू आलं नाही.

त्याने नियम सांगितले. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही, कायमचं. डोक्यावर पाटी नाही. त्या हाताला काटा, सुई, सुरी काही लागू द्यायचं नाही. हाताला घट्ट बाही घालायची, ती उन्हाळ्यातही काढायची नाही.

"मग बसू की नको?"

त्याने या वेळी शब्द मोजून सांगितलं. "माल दुसऱ्याने उचलला, तर तुम्ही नुसतं तिथं बसायला हरकत नाही."

नुसतं तिथं बसायला. सुनेने हे वाक्य पक्कं लक्षात ठेवलं.

मग रोज आम्ही दोघी जायला लागलो. पाटी सून उचलणार, सून मांडणार. बाई बसते म्हणजे काय करते? हात चालवते. केळी चाचपून देते, पानांतलं फाटकं पान आत सरकवते, गिऱ्हाईक निघालं की दोन मिरच्या वर टाकून परत बोलावते. मी पाटीला हात लावला की सून म्हणायची, "आई, तुम्ही नुसतं बसा." माझा तराजू तिने घरी माळ्यावर ठेवला होता आणि बटणावरचा काटा आणला होता. पैसे तिच्या फोनमध्ये जायचे. एका बाईला बसायला पुरेल एवढी ती जागा, तिथे आम्ही गुडघ्याला गुडघा लावून. मी भिंतीकडच्या बाजूला, कोणीतरी ठेवून गेल्यासारखी.

कोणी रोख दिलेच तर पिशवीत टाकावे म्हटलं तर पिशवी राहीना. जिच्या आधाराने राहायची तीच गेली होती. पिशवी सरकून पोटाशी यायची. एकदा गिऱ्हाईकाला सुटे द्यायला उठले तर पदराखालून थेट अळूच्या गड्डीवर पडली. सून म्हणाली, "आई, पिशवी माझ्याकडे द्या." मी दिली नाही. इस्पितळातून आत घालायला एक कापसाचा गोळा मिळाला होता, एका बाजूने सपाट दिसू नये म्हणून. त्यासाठी ब्लाऊजला आतून खिसा शिवलेला होता. गोळ्याने घाम येतो. मी गोळा कपाटात टाकला आणि त्या खिशात पिशवी घातली. चांगली बसली. एक तरी गोष्ट बसली.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते गिऱ्हाईकांमुळे. बायका यायच्या, आधी माझ्या छातीकडे बघायच्या, मग पटकन दुधीकडे. "कशा आहात मावशी? जपा हं." आणि सांगेन त्या भावाने घेऊन जायच्या. कोणी चाचपून बघायचं नाही, कोणी तोंड वाकडं करायचं नाही. एकीने तर पिचकलेली केळी स्वतःहून निवडून घेतली.

चौथ्या मजल्यावर एक कोकणातली बाई राहते. आधी मुंबईला बँकेत होती, आता घरी असते. आल्यापासून तिचं माझं भांडण आहे. दर वेळी केळीची पानं घ्यायला खाली येते आणि म्हणते, आमच्या गावाला ही पानं गुरांपुढे टाकतात. मी म्हणते, मग गावाहून आणा. ती चार पावलं जाते, परत येते. मग मी सांगितलेल्या आणि तिने सांगितलेल्या भावाच्या मध्ये कुठेतरी आमचं जमतं. पूजा झाली की ती प्रसाद आणून देते आणि तेव्हाही पान लहान होतं म्हणून सांगते.

तीच बाई एका सकाळी आली. मी पानांचा भाव नेहमीपेक्षा बराच चढवून सांगितला, मुद्दाम. तिने ऐकलं आणि म्हणाली, "असू दे हो मावशी. तुमच्याशी काय भाव करायचा आता."

आता. तो शब्द दिवसभर माझ्या डोक्यात राहिला.

मी मेले असते तर तिने सुनेशी भाव केला असता.

संध्याकाळी पाटी आवरताना सून म्हणाली, "आई, एक बोलू? तुमची इथे दगदग होते. तुम्ही घरी बसा, मी इथे बसते."

एकाच वाक्यात तिने मला एक बसणं दिलं आणि दुसरं काढून घेतलं.

"आणि तुझं वालीव?" मी विचारलं.

"तिथे मी नाही जाणार परत. दिवसभर उभं राहून पाय राहत नाहीत. प्लॅस्टिकच्या वासाने जेवण जात नाही. सुपरवायझर मुतायला गेलं तरी घड्याळ बघतो. मला पण बसायचंय, आई."

तिचं खरं होतं. खोटं असतं तर मला एवढा राग आला नसता. मी तिला म्हटलं, जागा माझी आहे. ती म्हणाली, तुमची आहे म्हणूनच राखली, नाहीतर नारळवाला असता इथे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. सून म्हणाली, आज खाडा करू. ती शाळेत गेली तशी मी नवऱ्याला हाक मारली. या वेळी त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?"

"डोक्यावर नको म्हणाला. रिक्षात ठेव."

त्याने पाटी रिक्षात ठेवली. उतरताना रिक्षावाल्याने कुरकुर करत भिंतीपाशी ठेवून दिली. मी घट्ट बाही घातली होती, ती घामाने चिकटली होती. उजव्या हाताने सगळं मांडलं. वेळ लागला. सवय नाही. विड्याची पानं दोनदा पसरली. पुड्या बांधायला डावा हात लागतोच, त्या मी दातात दोरी धरून बांधल्या.

बँकेतली बाई खाली आली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे सत्यनारायण होता. "मावशी, पानं द्या."

मी भाव सांगितला. गेल्या वेळेपेक्षाही वर.

तिने पर्स उघडली.

"पैसे नकोत," मी म्हटलं. "आधी भाव करा."

"काय?"

"भाव करा, नाहीतर पानं ठेवा खाली."

"अहो मावशी, मी देतेय ना तुम्ही म्हणाल ते."

"मी म्हणतेय ते चोरीचं आहे. एवढ्या भावाने पानं कोण घेतं? बँकेत होतात ना?"

तिचा चेहरा लाल झाला. "माणसाने चांगलं वागायचं तरी कसं? तुमची तब्येत..."

"तब्येत मी विकायला बसलेली नाही. पानं बघा."

तिने पानं उचलली, उलटी केली. मग तिच्या तोंडून ते आलंच. "ही काय पानं आहेत? शिरेपासून चिरलीत. आमच्याकडे गुरं पण..."

"तर गुरांना बोलवा पूजेला."

"आणि लहान किती. यात जेवायला वाढायचं की नुसतं मीठ?"

"तुमच्याकडे वाढतात तेवढ्याला पुरतात."

वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला लागला. ती चार पावलं गेली. मला वाटलं, गेली. ती फाटकाच्या आत उभी राहून फोनवर बोलत होती. नंतर कळलं, तिने माझ्या सुनेला फोन लावला होता, सासूबाईंना काहीतरी होतंय, भांडतायत, लवकर या म्हणून. मग परत आली आणि म्हणाली, "निम्म्याने द्या." मी म्हटलं, निम्म्याने वाडीवाला मला देत नाही. ती म्हणाली, वाडीवाला तुमचा नवराच आहे. ते खरं होतं. मधल्या भावाला जमलं. पान मोठं घालून दिलं नाही. तिनेही प्रसाद आणीन असं म्हटलं नाही, पण ती आणते.

सून रिक्षातून उतरून धावतच आली. केस सुटलेले, हातात नातीचं शाळेतलं काहीतरी. तिला वाटलं होतं मी चक्कर येऊन पडलेय. मी पानं झाकत होते.

"हात बघू," ती म्हणाली. हात बघितला. थोडा सुजला होता, खोटं सांगत नाही. मग ती माझ्या शेजारी, माझ्याच गोणपाटावर बसली.

"त्या मॅडमना काय काय बोललात?"

"भाव केला."

"एवढं भांडता येतं तर बसा तुम्हीच." ती चिडून म्हणाली. नंतर हळू आवाजात, "मग मी काय करू? झाकणं भरू परत?"

"फीर."

"मला नाही जमत दारोदार. लाज वाटते."

"त्या सगळ्या बायकांचे नंबर आहेत ना तुझ्या फोनात? आधी विचारायचं, मग वर जायचं. बोलावल्यावर कसली लाज?"

तिने पाटीतल्या चाफ्याच्या पुड्या उचलून बाजूला ठेवल्या आणि फोन काढला.

आता ती पाटी आणून ठेवते, मांडते आणि पिशव्या घेऊन बिल्डिंगींत जाते. माझ्यापेक्षा तिचा माल लवकर संपतो आणि ते ती मला रोज ऐकवते. ती खाली येईपर्यंत मला पाटी इकडची तिकडे करता येत नाही. ऊन तोंडावर आलं तरी तसंच बसायचं, ती येऊन सरकवेल तेव्हा सावली. याचा मला रोज राग येतो. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. मला सवय करून घ्यायची नाही. माझा हात होता, मला तो तसाच पाहिजे होता. पण ते कोणाला सांगायचं?

परवा तपासणीला गेलो तर नवीनच डॉक्टर होती. पहिल्यापासून सगळं विचारलं. "काम काय करता?"

सून तोंड उघडणार होती. मी तिच्या आधी म्हटलं, "भाजी विकते."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्याच कोणा बाईबद्दल बोलल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, विकते काय म्हणालात?"

"त्यांना दुसरं कळत नाही."

"उद्या अमावास्या आहे. गिऱ्हाईक कमी असेल. उद्या तुम्ही घरी..."

"उद्या मी बसते," मी म्हटलं. "तू फीर."